चाळीस पौंडांत गहाण पडलेला चषक



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणे बदल, खोडव्याची मशागत असे विषय घेऊन येतो. या खेपेला विषय जरा वेगळा आहे. इंग्लंडातल्या एका लहान गावाच्या हौशी फुटबॉल क्लबची ही हकिकत आहे. "ऊस विकास खात्याला फुटबॉलशी काय देणे-घेणे?" असे काही सभासद म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. म्हणून आधी कारण सांगतो.

आपल्या कार्यक्षेत्रातील एका गावच्या तरुणांनी क्रीडा मंडळ काढले. मुले चांगली आहेत. बहुतेक सगळी सभासदांच्याच घरची. हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यांनी मोठे सामने भरवले. मांडव, लाउडस्पीकर, बाहेरगावच्या संघांची जेवणे, बक्षिसाच्या ढाली असा सगळा थाट झाला. सामने उत्तम झाले आणि यजमान मंडळानेच मोठी ढाल जिंकली. पण शेवटी हिशेबाला बसल्यावर मांडववाल्याचे देणे अंगावर राहिले. मांडववाला म्हणाला, "पैसे मिळेस्तोवर ढाल माझ्याकडे राहू द्या." तेव्हापासून ती ढाल त्याच्या कपाटात आहे.

मग मंडळाचा सचिव आमच्याकडे अर्ज घेऊन आला. अर्जात दोन मागण्या होत्या. गावातील सर्व सभासदांच्या ऊस बिलातून मंडळाची वर्गणी परस्पर कापावी, आणि तसे जमत नसेल तर कारखान्याने ढाल सोडवून द्यावी. सभासदाच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या बिलातून एक पैसाही कापता येत नाही, हे आम्ही त्याला समजावून सांगितले. पोरगा हिरमुसला होऊन गेला. आमच्याही मनाला ते लागून राहिले. त्या वेळी आम्हाला ही वेस्ट ऑकलंडची हकिकत आठवली. ती आपण सर्वांनी वाचावी आणि मग त्या ढालीचे काय करायचे ते ठरवावे, एवढ्यासाठी हा लेख.

गाव कुठले, माणसे कोण

ऑकलंड म्हटले की आपल्याला न्यूझीलंडचे शहर आठवते. हे ते नव्हे. इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम नावाचा परगणा आहे. तिथे बिशप ऑकलंड हे लहानसे शहर आहे आणि त्याच्यापासून तीनेक मैलांवर वेस्ट ऑकलंड हे गाव आहे. या गावाचे नाव आपल्या देशालाही पुष्कळ जवळचे आहे. इथल्या ईडन घराण्यातील एका सरदाराला 'लॉर्ड ऑकलंड' हा किताब मिळाला. त्याचा मुलगा १८३६ ते १८४२ या काळात हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. न्यूझीलंडच्या शहराला त्याचे नाव पडले, आणि कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सला त्याच घराण्याचे आडनाव मिळाले. म्हणजे रेडिओला कान लावून ज्या मैदानावरचे कसोटी सामने आपण ऐकले, त्या नावाचे मूळ या खेड्यात आहे.

पण आपली हकिकत सरदारांची नाही, खाणकामगारांची आहे. डरहॅम परगणा हा कोळशाचा मुलूख. आपल्याकडे जशी गावोगाव उसाची फडे, तशा तिथे गावोगाव कोळशाच्या खाणी. पहाटे खाली उतरायचे आणि दिवसभर काळोखात कोळसा फोडायचा, असे ते जिणे. मरणही रोज शेजारीच उभे. १६ फेब्रुवारी १९०९ या दिवशी याच परगण्यातील वेस्ट स्टॅन्ले येथील खाणीत स्फोट झाला आणि १६८ माणसे व पोरे दगावली. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

असे जिणे जगणाऱ्या माणसाला शनिवारची दुपार म्हणजे सण. इंग्लंडात कायद्याने गिरण्यांना शनिवारी दुपारी लवकर सुट्टी मिळू लागली, हळूहळू इतर धंद्यांतही ती पद्धत पडली, आणि त्या मोकळ्या दुपारीत फुटबॉल वाढला. चेंडू एक, खेळणारे बावीस आणि बघणारा अख्खा गाव. खर्च कमी, करमणूक मोठी. डरहॅमच्या खाणीच्या गावांतून असे पुष्कळ क्लब निघाले. १८८९ साली त्या भागात 'नॉर्दर्न लीग' सुरू झाली. फुटबॉलच्या लीगांमध्ये ही जगातली दुसरी सर्वांत जुनी मानतात. वेस्ट ऑकलंडच्या क्लबचे रोप १८९३ साली लागले आणि १९०८ साली हा क्लब नॉर्दर्न लीगमध्ये आला.

हौशी म्हणजे काय?

इथे एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८८५ साली खेळाडूंना पगार देण्यास मान्यता दिली. तेव्हापासून दोन प्रकारचे क्लब झाले. एक पगारी, म्हणजे धंदेवाईक, आणि दुसरे हौशी. हौशी क्लबच्या खेळाडूला खेळण्याचा पगार नाही, फार तर जाण्यायेण्याचा खर्च. आठवडाभर कोळसा फोडायचा आणि शनिवारी खेळायचे. पगारी संघांपुढे हौशी संघांचा निभाव लागेना, म्हणून १८९३-९४ च्या हंगामापासून असोसिएशनने हौशी संघांसाठी वेगळा 'अ‍ॅमेच्युअर कप' सुरू केला. हा भेद पुढे १९७४ साली काढून टाकला आणि तो कपही त्याच वर्षी बंद झाला.

हौशी क्लब चालतो कशावर? सभासदांची वर्गणी, सामन्याच्या दिवशी दारावर जमणारे तिकिटाचे पैसे आणि गावातील चार भल्या माणसांची देणगी, एवढ्यावर. त्याला ना कोणी मालक, ना कोणी सावकार. क्लब गावाचा, म्हणून फायदा गावाचा आणि तोटाही गावाचाच. आपल्या सहकाराची तत्त्वे ज्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली घालून दिली, ते याच उत्तर इंग्लंडातले कष्टकरी. 'थोडे थोडे सर्वांनी घालावे आणि एक हिशेब सर्वांनी पाहावा' ही रीत त्या मुलखाच्या अंगवळणी पडलेली होती. ती पाळली तेव्हा क्लब तरले, आणि सुटली तेव्हा काय झाले तेच पुढे सांगायचे आहे.

चहावाल्याचा चषक

सर थॉमस लिप्टन हे नाव चहाच्या पुड्यावर आपण वाचलेले आहे. ग्लासगोचा हा माणूस गरिबीतून वर आला. १८७१ साली त्याने किराण्याचे पहिले दुकान काढले, मग दुकानांची रांगच उभी केली. १८९० साली सिलोनात चहाचे मळे घेतले आणि चहा स्वस्त करून गोरगरिबांच्या घरी पोहोचवला. (चहा त्याचा असला तरी आपल्याकडे त्यात साखर आपलीच, हे जाता जाता सांगून ठेवतो.) खेळाचा त्याला भारी नाद. शिडाच्या बोटींच्या शर्यतीतला 'अमेरिका कप' जिंकण्यासाठी त्याने १८९९ ते १९३० या काळात पाच वेळा बोट उतरवली आणि पाचही वेळा हरला. स्वतःला हवा तो कप त्याला कधी मिळाला नाही. दुसऱ्यांना मात्र त्याने कप दिले.

त्यातलाच एक कप इटलीतील ट्यूरिन शहरात १९०९ साली ठेवला गेला. इटली, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इंग्लंड या चार देशांचे संघ तिथे खेळणार होते. इटली, जर्मनी व स्वित्झर्लंड यांचे संघ ठरले. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने मात्र संघ पाठवायला नकार दिला. फुटबॉलचे माहेर इंग्लंड आणि इंग्लंडचाच संघ नाही, हे लिप्टनला कसे पटावे? शेवटी बोलावणे गेले ते वेस्ट ऑकलंडला!

हे गाव कसे निवडले, याची एक गंमत तिकडे सांगतात. बोलावणे 'डब्ल्यू. ए.' अशा आद्याक्षरांच्या संघाला जायचे होते, म्हणजे वूलविच आर्सेनल या बड्या पगारी क्लबला, आणि चुकून गेले वेस्ट ऑकलंडला! या गोष्टीला कागदाचा आधार मिळालेला नाही, तरी गावोगाव ती आवडीने सांगितली जाते. लिप्टनच्या पेढीतील कोणाची तरी त्या भागात ओळख होती, अशीही एक कथा आहे. काही असो, नॉर्दर्न लीगमध्ये नव्याने आलेल्या आणि तिथेही फार वर नसलेल्या एका खेड्याच्या संघाला परदेशी जाऊन इंग्लंडची बाजू राखायची होती.

ट्यूरिनची पहिली वारी

आता त्या घरांमध्ये काय झाले असेल ते मनात आणा. खाणीवर रजा म्हणजे बिनपगारी. प्रवास आगगाडीचा, मध्ये समुद्र, पुढे पुन्हा आगगाडी आणि आल्प्सचे डोंगर. शेजारच्या वेस्ट स्टॅन्लेच्या स्फोटाला जेमतेम दोन महिने झालेले. अशा वेळी "चेंडू खेळायला इटलीला जातो" म्हणणाऱ्या मुलाला आई काय बोलली असेल? पण खेळाडूंनी घरातल्या चीजवस्तू विकून आणि गहाण टाकून वाटखर्च जमवला, असे तिकडे सांगतात. कप्तान होता बॉब जोन्स. शेजारच्या क्रूक गावचा जॅक ग्रीनवेल नावाचा खेळाडू त्यांनी उसना घेतला. याही नावाकडे आपण पुढे येऊ.

एप्रिल १९०९ मध्ये ट्यूरिनला वेस्ट ऑकलंडने आधी जर्मनीच्या स्टुटगार्टच्या संघाला २-० असे हरवले आणि अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या विंटरथूर क्लबला पुन्हा २-० ने नमवून चषक घेतला. खेड्यातला हौशी संघ चार देशांच्या सामन्यात पहिला आला. म्हणून पुष्कळ लोक त्याला 'पहिला विश्वचषक' म्हणतात. आपण आज ज्याला विश्वचषक म्हणतो तो १९३० साली उरुग्वे देशात सुरू झाला, म्हणजे पुढे एकवीस वर्षांनी. नाव काय द्यायचे यावर वाद घालण्यात अर्थ नाही. गावाला काय वाटले असेल, ते ज्याच्या गावात ढाल आली आहे त्याला सांगायला नको.

दुसरी वारी आणि कर्ज

१९११ साली पुन्हा बोलावणे आले. जिंकलेला चषक राखायचा, तर जाणे भाग होते. या खेपेला झ्युरिकच्या संघाला २-० ने हरवून वेस्ट ऑकलंड अंतिम सामन्यात गेले. समोर होते ट्यूरिनचेच युव्हेंटस. हे नाव आज जगभर माहीत आहे. त्या युव्हेंटसला त्यांच्याच गावात खाणकामगारांनी ६-१ असे हरवले! लागोपाठ दोनदा जिंकल्यामुळे चषक कायमचा वेस्ट ऑकलंडचा झाला.

मंडळी, आता नीट लक्ष द्या. इथपर्यंतची गोष्ट कोणीही सांगेल. आम्हाला सांगायचे आहे ते यापुढचे.

संघ चषक घेऊन घरी आला तेव्हा क्लब कर्जात होता. दुसऱ्या वारीचा खर्च भागलेला नव्हता. चषकाची झळाळी देणेकऱ्याला दाखवून देणे फिटत नाही. गावात 'व्हीटशीफ' नावाचे हॉटेल होते. व्हीटशीफ म्हणजे गव्हाची पेंढी. त्या हॉटेलच्या बाईंनी क्लबला चाळीस पौंड दिले आणि चषक स्वतःकडे ठेवून घेतला. चाळीस पौंड म्हणजे त्या काळी खाणकामगाराची कित्येक आठवड्यांची मजुरी. परदेशी संघांना हरवून आणलेला चषक गावच्याच हॉटेलात गहाण पडला.

बाईंना दोष देऊ नये. अडीअडचणीला त्यांनी रोख पैसे दिले आणि तारण घेतले. आपल्या सोसायट्याही तारणावरच कर्ज देतात. चूक झाली ती आधी. वारीला निघताना खर्च किती, जमा किती, आणि तूट आली तर ती कोणी भरायची, हे तिन्ही आकडे एका कागदावर आधी मांडले पाहिजेत. ते मांडले नाहीत की पुढे चषक असो, ढाल असो, की घरधनिणीच्या अंगावरचा दागिना असो, वाट एकच.

पुढे १९१२ साली क्लबला नॉर्दर्न लीगही सोडावी लागली. युव्हेंटसला सहा गोल मारून वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच गावचा संघ बंद पडला. ट्यूरिनच्या मैदानात कोणालाही न हरलेला संघ हिशेबाच्या वहीत हरला.

बुडखा शाबूत होता

आपण ऊसकरी माणसे. तोडणी झाली म्हणजे ऊस संपला, असे आपण मानत नाही. बुडखा शाबूत असेल आणि वेळेवर पाणी व खत मिळाले, तर खोडवा फुटतो. या क्लबचेही तसेच झाले. 'वेस्ट ऑकलंड टाउन' या नावाने क्लब पुन्हा उभा राहिला आणि पहिल्या महायुद्धानंतर परत नॉर्दर्न लीगमध्ये आला. चषक मात्र गावात नव्हता. हॉटेलच्या बाई पुढे लिव्हरपूलला राहायला गेल्या आणि चषक त्यांच्याकडेच राहिला. दोन महायुद्धे होऊन गेली, जिंकणारे खेळाडू म्हातारे झाले, काही गेले. नातवांना आजोबा सांगत, "आम्ही युव्हेंटसला हरवले होते." नातू विचारत असतील, "मग कप कुठाय?"

अखेर १९६० साली वेस्ट ऑकलंडने शंभर पौंड मोजून आपला चषक सोडवून आणला. चाळिसाचे शंभर झाले होते. तरी हिशेब पुरा झाला आणि गावाची वस्तू गावात आली. आणखी एक योग असा, की १९५९-६० आणि १९६०-६१ या दोन्ही हंगामांत हा क्लब नॉर्दर्न लीगमध्ये पहिला आला. १९६१ साली तर हा संघ लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर अ‍ॅमेच्युअर कपच्या अंतिम सामन्यात उतरला. वॉल्थमस्टो अ‍ॅव्हेन्यू संघाकडून २-१ असा हरला, पण ताठ मानेने परत आला.

शेजाऱ्यांची उसनवार

या हकिकतीत शेजाऱ्यांचाही वाटा आहे. मघाशी सांगितलेला जॅक ग्रीनवेल हा क्रूक गावचा खेळाडू. ट्यूरिनच्या वारीनंतर १९१२ साली तो स्पेनमधील बार्सिलोना क्लबकडे गेला, तिथे खेळला आणि १९१७ पासून त्यांचा प्रशिक्षक झाला. पुढे १९३९ साली त्याच्या हाताखाली पेरू देशाने दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद मिळवले. डरहॅमच्या खाणमुलखातून निघालेला माणूस कुठवर गेला पाहा.

दुसरा शेजारी बिशप ऑकलंड. हौशी फुटबॉलमधले हे सर्वांत मोठे नाव. अ‍ॅमेच्युअर कप त्यांनी दहा वेळा जिंकला, त्यांत १९५५, १९५६ आणि १९५७ असा सलग तीनदा. १९५४ साली क्रूक आणि बिशप ऑकलंड ही जवळजवळची दोन गावे अंतिम सामन्यात समोरासमोर आली, तेव्हा वेम्ब्लीवर एक लाख माणूस जमले. दोनदा बरोबरी झाली, निकाल तिसऱ्या सामन्यात लागला आणि क्रूक १-० ने जिंकले.

पण आमच्या मते त्यांची खरी मोठेपणाची गोष्ट १९५८ सालची आहे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथे विमान अपघात झाला आणि मँचेस्टर युनायटेड या नामांकित पगारी क्लबचे आठ खेळाडू त्यात गेले. संघ उभा करायला माणसे नव्हती. तेव्हा बिशप ऑकलंडचे तीन हौशी खेळाडू मदतीला गेले, बॉब हार्डिस्टी, डेरेक लेविन आणि वॉरन ब्रॅडली. त्यांतला ब्रॅडली पुढे इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातूनही खेळला. लहान गावाने मोठ्या शहराला बैल-बारदाना उसना द्यावा, तसे हे झाले. आणि ती उसनवार विसरली गेली नाही. १९९६ साली बिशप ऑकलंड क्लब पैशाच्या अडचणीत आला, तेव्हा मँचेस्टर युनायटेडचा संघ त्यांच्या मदतीसाठी सामना खेळायला गेला. अडीअडचणीला दिलेला हात अडतीस वर्षांनी परत आला. सहकार याहून वेगळा काय असतो?

चषक पुन्हा गेला, क्लब राहिला

वेस्ट ऑकलंडचा चषक गावातल्या 'वर्किंग मेन्स क्लब'मध्ये ठेवला होता. हे कामगारांनी वर्गणी काढून चालवलेले बैठकीचे ठिकाण असते. जानेवारी १९९४ मध्ये तिथून चषक चोरीला गेला तो पुन्हा मिळाला नाही. गावाने त्याची हुबेहूब प्रतिकृती करून घेतली.

त्या मुलखातल्या खाणीही एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९३ सालानंतर डरहॅमच्या खाणपट्ट्यात खोल खाण उरली नाही. ज्या धंद्यावर गाव उभे राहिले तो धंदा गेला. आपला कारखाना उद्या नसता तर आपल्या गावांचे काय होईल, असा विचार करून पाहा, म्हणजे त्याचा अर्थ कळेल. खाण गेली, चषक गेला, पण क्लब गेला नाही. १९९८-९९ च्या हंगामात हा संघ इंग्लंडच्या मुख्य एफ. ए. कपाच्या पहिल्या फेरीपर्यंत गेला आणि येओव्हिलच्या संघाशी दोनदा बरोबरी करून शेवटी पेनल्टीवर हरला. २०१२ आणि २०१४ साली लहान क्लबांसाठीच्या एफ. ए. व्हास स्पर्धेत तो वेम्ब्लीवर अंतिम सामना खेळला. दोन्ही वेळा हरला. पण खाण बंद पडलेल्या खेड्यातून तिथवर जाणे ही लहान गोष्ट नव्हे. पहिल्या विजयाला शंभर वर्षे झाली तेव्हा, २००९ साली, संघ पुन्हा ट्यूरिनला जाऊन युव्हेंटसच्या तरुण मुलांशी खेळून आला. २०१३ साली गावच्या हिरवळीवर त्या खाणकामगार खेळाडूंची आठवण म्हणून पुतळा उभारला गेला.

यावरून आम्ही काय समजतो? चषक हा संस्थेचा दागिना आहे. दागिना गहाण पडतो, चोरीला जातो. संस्था म्हणजे तिचे सभासद, त्यांची वर्गणी आणि त्यांनी डोळ्यांखालून घातलेला हिशेब. हे तिन्ही असतील तर दागिना नसला तरी घर उभे राहते. हे नसतील तर दागिना घरात असूनही घर मोडते.

आपल्या मंडळांसाठी चार गोष्टी

कार्यक्षेत्रात क्रीडा मंडळे, भजनी मंडळे, तालमी पुष्कळ आहेत. त्यांच्या कारभाऱ्यांसाठी आम्ही एवढेच सुचवतो.

पहिले, मंडळाची रीतसर नोंदणी करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली निदान सात सभासद लागतात, आणि आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. नोंदणी म्हणजे नुसता कागद नव्हे. देणे-घेणे मंडळाच्या नावावर राहते, सचिवाच्या एकट्याच्या गळ्यात पडत नाही.

दुसरे, वर्गणीला पावती आणि खर्चाला व्हाउचर. पाच रुपयांचा चेंडूला भरलेला वारासुद्धा वहीत आला पाहिजे. वर्षातून एकदा ती वही ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाच्या ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवा. हिशेब ऐकलेला माणूस पुढच्या वर्षी वर्गणी देताना हात आखडत नाही.

तिसरे, सामने भरवण्याआधी अंदाजपत्रक करा. हातात जमा असेल तेवढ्याचाच मांडव घाला. पाहुण्या संघाला साधे पिठले-भाकर वाढलीत तरी तो नाराज होत नाही. उधारीच्या बुंदीने मात्र यजमानाचे घर कडू होते.

चौथे, आलेल्या पैशातला काही हिस्सा दरवर्षी बाजूला टाका. आपल्या कारखान्यात जसा राखीव निधी असतो तसा. वेस्ट ऑकलंडकडे १९११ साली चाळीस पौंडांचा राखीव निधी असता, तर ही सगळी हकिकतच घडली नसती.

आता त्या ढालीविषयी

ढाल कारखान्याने सोडवावी, या मागणीवर आम्ही पुष्कळ विचार केला. रक्कम फार मोठी नाही. पण आमचे मत असे, की कारखान्याने ती सोडवू नये. वेस्ट ऑकलंडचा चषक वेस्ट ऑकलंडने सोडवला, म्हणून तो पुन्हा त्यांचा झाला. खाणमालकाने किंवा लिप्टनच्या पेढीने सोडवून दिला असता, तर तो देणगीचा चषक झाला असता. गावाची ढाल गावानेच सोडवावी.

यासाठी सभासदांची लेखी संमती घेऊनच काम करावे लागेल. मंडळाच्या मुलांनी घरोघर जावे, वही दाखवावी, झालेली चूक मोकळेपणाने सांगावी आणि ज्याला वाटेल त्याने स्वखुशीने द्यावे. आमच्या गट कार्यालयातील कर्मचारी सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासोबत हिंडतील, आणि पहिली पावती आम्ही स्वतः आमच्या पगारातून फाडू. सचिवालाही आमचे सांगणे आहे, बाळा, मान खाली घालू नकोस. ज्यांनी युव्हेंटसला सहा गोल मारले, त्यांचाही चषक गहाण पडला होता.

त्यांना चषक घरी आणायला एकोणीसशे साठ उजाडावे लागले. आपले गाव एवढे थांबणार नाही, असा आमचा विश्वास आहे. यंदाचा पट्टा पडण्याआधी ती ढाल मारुतीच्या देवळात लागलेली आम्हाला पाहायची आहे.

पुढच्या अंकात नेहमीप्रमाणे खोडव्यातील पाचट व्यवस्थापन आणि नांग्या भरणे यांविषयी लिहू.

विना सहकार नाही उद्धार.

— ऊस विकास अधिकारी